लिंगसंलग्न गुणांचे संकर सोडवताना या चुका टाळा

एफ-२ पिढीत (पहिल्या संकराची संतती एफ-१, तिच्या आपसांतल्या संकराची संतती एफ-२) ३:१ दिसलं की ‘अलिंगी (लिंग न ठरवणाऱ्या) गुणसूत्रावरचा अप्रभावी (जोडीतल्या दुसऱ्या प्रतीमुळे झाकला जाणारा) गुण’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मेंडेलच्या वाटाण्यांनी लावलेली असते. वाटाण्याच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे तिथे नर-मादीचा वेगळा हिशेब ठेवायची वेळच येत नाही. लिंगसंलग्न गुणांचे जनुक मात्र लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतात, मादीकडे दोन एक्स तर नराकडे एक एक्स आणि एक वाय. म्हणून फळमाशीशी गाठ पडली की तीच सवय नडते.

लाल डोळ्यांची शुद्ध मादी आणि पांढऱ्या डोळ्यांचा नर घ्या. एफ-१ मध्ये सगळ्यांचे डोळे लाल. त्यांचा आपसांत संकर केला की एफ-२ मध्ये एकूण लाल आणि पांढरे ३:१. अगदी वाटाण्यासारखंच. पण त्याच माश्या नर-मादी वेगळ्या करून मोजल्या, तर माद्या एकजात लाल आणि नर निम्मे लाल, निम्मे पांढरे निघतात. म्हणजे लाल माद्या, लाल नर आणि पांढरे नर यांचं खरं गुणोत्तर २:१:१, कारण डोळ्यांच्या रंगाचा हा जनुक एक्सवर असतो. या प्रकरणातल्या बहुतेक चुका, माझ्या मते, या एकाच चुकीची पिल्लं आहेत. आकडे हातात आले की आधी दोन रकाने पाडा, एक नरांचा आणि एक माद्यांचा, आणि प्रत्येकाचं गुणोत्तर स्वतंत्र काढा.

जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये हाच संकर प्रसिद्ध केला. त्यांच्या एफ-२ मध्ये २,४५९ लाल माद्या, १,०११ लाल नर आणि ७८२ पांढरे नर होते. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नव्हती. आता बेरीज करून बघा. ३,४७० लाल आणि ७८२ पांढरे, म्हणजे जवळपास ४.४:१. पुस्तकातलं ३:१ कुठे गेलं? पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या तग धरण्यात जरा कमी पडतात, म्हणून त्यांची संख्या घटते. खऱ्या मोजणीत असं होतंच. तेवढ्यासाठी दुसरा जनुक शोधत बसू नका.

याच आकड्यांवरून ‘पांढरे डोळे फक्त नरांनाच येतात’ असाही निष्कर्ष काढला जातो. तोही चूक. मॉर्गन यांनी एफ-१ मधल्या लाल माद्या पुन्हा पांढऱ्या नराशी जुळवल्या, तेव्हा १२९ लाल माद्या, १३२ लाल नर, ८८ पांढऱ्या माद्या आणि ८६ पांढरे नर मिळाले. मादीला पांढरे डोळे येतात, फक्त त्यासाठी तिच्या दोन्ही एक्सवर तो जनुक हवा. दाढी किंवा दूध हे एकाच लिंगात दिसणारे गुण याहून वेगळे. त्यांची जनुकं अलिंगी गुणसूत्रांवरही असू शकतात.

आणि या शेवटच्या संकरात एक गंमत दडली आहे. दोन्ही रकान्यांत अपेक्षित गुणोत्तर १:१ च आहे. जनुक अलिंगी गुणसूत्रावर असता तरी चाचणी संकरातून (अप्रभावी गुण दाखवणाऱ्या जोडीदाराशी केलेल्या संकरातून) हेच आलं असतं. म्हणजे ‘दोन्ही लिंगांत गुणोत्तर सारखं, म्हणून लिंगसंलग्न नाही’ हा तर्क इथे सपशेल आपटतो. अशा वेळी व्यस्त संकर, म्हणजे नर-मादीचे गुण अदलाबदल करून केलेला संकर, पाहावा लागतो: पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल नर. मुली सगळ्या लाल, मुलगे सगळे पांढरे. आईचा गुण मुलग्यांत, बापाचा मुलींत. मात्र नुसते दोन व्यस्त संकर वेगळे आले एवढ्यावर थांबू नका. तंतुकणिकेतल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या) जनुकांमुळेही ते वेगळे येतात, पण तिथे मुलगे आणि मुली दोघंही आईवरच जातात.

लिहिण्यातली चूक किरकोळ वाटते, पण सगळं गणित तीच बिघडवते. नराला एक्सवरच्या जनुकाच्या दोन प्रती देऊन टाकायच्या, मग ‘वाहक पुरुष’ (जनुक बाळगणारा, पण गुण न दाखवणारा) असं काहीतरी लिहायचं. नराकडे एक्स एकच. त्यावर जे आहे ते दिसतं. तक्त्यात वाय रिकामा असला तरी तो लिहाच.

शक्यतेच्या प्रश्नात शब्द नीट वाचा. हिमोफिलियाची (रक्त नीट न गोठण्याच्या, एक्स-संलग्न अप्रभावी आजाराची) वाहक आई आणि निरोगी वडील असतील तर ‘मुलगा झाल्यास तो बाधित असण्याची’ शक्यता १/२, आणि ‘पुढचं अपत्य बाधित मुलगा असण्याची’ १/४. पहिल्या प्रश्नात मुलगा गृहीत धरलेला आहे. तिथे पुन्हा १/२ ने गुणायचं नाही.

वंशावळीत बाप बाधित, मुलगाही बाधित दिसला की लगेच ‘एक्स-संलग्न नाही’ म्हणू नका. मुलाला एक्स आईकडून मिळतो, आणि आई वाहक असू शकते. रंगांधळेपणासारख्या बऱ्यापैकी आढळणाऱ्या गुणात हे सहज घडतं. याउलट मुलगी बाधित आणि बाप निरोगी, हा एक्स-संलग्न अप्रभावी गुणाविरुद्धचा भक्कम पुरावा.

पक्षी आले की सगळं उलटं करा. त्यांची लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेड आणि डब्ल्यू. कोंबडा झेड-झेड, कोंबडी झेड-डब्ल्यू. पट्टेरी पिसांचा प्रभावी जनुक झेडवर असतो. पट्टेरी कोंबडी आणि बिनपट्ट्यांचा कोंबडा यांची नर पिल्लं पट्टेरी, मादी पिल्लं साधी.

प्रयोगशाळेतली चूक मात्र कागदावर सापडत नाही. फळमाशीची मादी आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवते, म्हणून २५ अंश सेल्सिअसला कोशातून बाहेर आल्यापासून ८ तासांच्या आत ती वेगळी करावी लागते. समजा, पांढरी मादी आणि लाल नर यांच्या संकरात पांढऱ्या मुली दिसल्या. त्या संख्येने बऱ्याच असतील तर मादी बाटलीतल्या पांढऱ्या नराशी आधीच जुळली होती, असा पहिला संशय घ्या. पण हजारोंत एखादीच पांढरी मुलगी, आणि सोबत तितकाच दुर्मिळ, वंध्य असा लाल मुलगा आढळला, तर माशी फेकू नका. आईचे दोन एक्स विभाजनात सुटे झाले नाहीत की हेच घडतं: ती मुलगी एक्स-एक्स-वाय, मुलाकडे बापाचा एकच एक्स आणि वाय नाही. मॉर्गन यांचे विद्यार्थी कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये अशाच अपवादांवरून जनुकं गुणसूत्रांवर असल्याचं दाखवून दिलं.