जुनं संभाजीनगर पायी बघायचंय? मग या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात परभणीहून मामा-मामी आले, मामा म्हणले गाडी राहू दे, पायीच दाखव तुमचं गाव, अन मी त्यांना घेऊन सकाळी दहाला निघालो. पैठण गेटपासून टिळक पथानं गुलमंडी, मछली खडक, सिटी चौक, सगळं बरं चाललं होतं पण जुन्या बाजारात मामींना चक्करच आली. एका दुकानदार चाचांनी फॅनखाली बसवून लिंबूपाणी दिलं तेव्हा कुठं माझ्या जीवात जीव आला. तेव्हापासून गावाकडून कोणी आलं की मी नीट प्लॅन करूनच निघतो.

पहिली चूक वेळेची. एप्रिल-मेमधे पारा चाळीशी ओलांडतो, गल्लीत सावली मिळते पण दरवाजांपाशी अन पुलांवर डोकं तापतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या, सकाळी साडेसहा-सातला निघा. पण एक गोची आहे, तेवढ्या लवकर गुलमंडीची दुकानं बंद असतात, मग लोक म्हणतात काय बाबा हे मार्केट, शटर बघायला आलो का. म्हणून मी दोन तुकडे करतो, सकाळी दरवाजे अन पाणचक्की (पाण्याच्या जोरावर चालणारी जुनी पिठाची गिरणी), दुपारी घरी झोप, संध्याकाळी बाजार.

दुसरी चूक म्हणजे ५२ दरवाजांचं शहर ऐकून सगळे एका दिवसात उरकायचे. अहो, सगळे आता उभेच नाहीत. चार-पाच निवडा अन निवांत बघा. सुरुवात भडकल गेटपासून करा. बहुतेक जण आधी बीबी का मकबरा गाठतात अन मग उरला वेळ तर गावात येतात, त्यानं गोष्ट शेवटाकडून ऐकल्यासारखी होते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्यानं १६१० मधे खडकी म्हणजे हेच गाव वसवलं, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मधे भडकल दरवाजा उभा केला, अन औरंगाबाद हे नाव आलं १६५३ मधे, म्हणजे तोवर गाव चाळीस वर्षांचं झालं होतं! कमानीखाली उभं राहून मान वर करा, किती उंच आहे ते फोटोत कळत नाही. जिथून अजून गाड्या जातात अशा दरवाजात मात्र मधोमध थांबून सेल्फी काढू नका, मागून रिक्षा येते अन बाजूला व्हायला जागा नसते.

मॅपचं काय करायचं हे लई जण विचारतात. जुन्या गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपका इकडून तिकडं उड्या मारतो, अन चालण्याचा मोड लावायचा राहिला तर मॅप तुम्हाला गाडीच्या मोठ्या रस्त्यानं फिरवून आणतो. जागा सापडत नसेल तर एकदा संभाजीनगर अन एकदा औरंगाबाद टाकून शोधा, स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे बघा. तरी नाही जमलं तर फोन खिशात घाला अन मोहल्ल्याचं नाव घेऊन विचारा. हेरिटेज वॉक कुठाय विचारलं तर कोणी सांगणार नाही, मछली खडक कुठाय विचारा, लगेच उत्तर येतं, सीधा जाव भैय्या, आगे से लेफ्ट मारो.

दर्गा किंवा मशिदीत जाताना अंगभर कपडे, डोक्यावर रुमाल. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीकडं गर्दी असते, ती वेळ टाळा. अन बाथरूमला जाऊनच निघा, मधे सोय सापडत नाही, बायकांचे फार हाल होतात.

आता ज्या चुकीचं मला खरंच वाईट वाटतं ती सांगतो. पाणचक्कीला लोक दहा मिनिटांत येतात अन जातात. फोटो काढला, हौदातले मासे बघितले, झालं. अहो ते पाणी कुठून येतं बघा ना! सुमारे ६ किलोमीटर लांबच्या डोंगरातून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, मोटर नाही लाईट नाही, नुसत्या उतारावर. उंच भिंतीवरून ते खाली पडायचं, त्या जोरानं खालचा पंखा फिरायचा अन त्याच्यासोबत वरचं दळायचं दगडी जातं फिरायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी, गोरगरिबांसाठी तिथं पीठ दळलं जायचं. ज्या गावात आज नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत बसावं लागतं तिथं हे बघून पोटात कालवतं. कमीत कमी अर्धा तास ठेवा. उन्हाळ्यात धार बारीक असते, तीही बघण्यासारखीच.

पैठण गेट ते पाणचक्की साडेतीन-चार किलोमीटर धरा. तिथून मकबऱ्याला चालत जायचा हट्ट करू नका, रिक्षा करा. अन पोट भरून निघू नका, संध्याकाळी गुलमंडीवर गरम इमरती असते, मटण चालत असेल तर शहागंजकडं नान खलिया, पोट गच्च असलं की दोन्ही हातचं जातं.

जानेवारीत मामी परत आल्या, यावेळी सातला निघालो. पाणचक्कीच्या हौदाकाठी बसल्या अन मामा चला चला करायले तरी उठेनात, म्हणल्या, थांबा जरा, आवाज ऐकू द्या पाण्याचा.