नवीन कॅमेरा आला तरी जुना फेकू नका, आधी हे करून बघा

माझा जुना डिजिटल कॅमेरा लेन्स अर्धी बाहेर काढून अडकला, लेन्स एरर यायची, म्हणून नवीन घेतला आणि मग एका रविवारी जुना परत हातात घेतला. नवीन असल्यामुळे घाई नसते, हेच खरं तर चांगलं.

आधी बॅटरी नि कार्ड काढा, बॅटरीचे पिवळे पॉइंट (जिथून कॅमेऱ्याला वीज जाते ते धातूचे ठिपके) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पुष्कळदा दोष एवढाच असतो.

लेन्स अडकली असेल तर बहुतेक वेळा लेन्सच्या नळीच्या फटीत वाळूचा कण असतो. कॅमेरा लेन्स खाली करून धरा, ब्लोअरने (हाताने दाबायचा रबरी फुगा) फटीत सगळीकडून हवा मारा, पातळ कागदाची कड फटीत गोल फिरवा, माझ्याकडे असाच एक बारीक चकाकता कण बाहेर पडला! मग चार्ज केलेली बॅटरी घालून, लेन्स खालीच ठेवून चालू करा. लेन्स हाताने ओढू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात.

आणि प्लीज, स्क्रू खोलू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणारा भाग) बॅटरी काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, जोरात शॉक बसतो.