हे ॲनिमे सगळ्यांसमोर लावता येईल का? एका मामाची तपासणी

आमच्या घरात मला सेन्सॉर बोर्ड म्हणतात. पगार नाही, बोलणी मात्र भरपूर. कॉलेजात असल्यापासून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघत आलोय, त्यामुळे ताईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, पोरांना हे बघू देऊ का?" पोरं म्हणजे माझी तेरा वर्षांची भाची आणि नऊ वर्षांचा भाचा. ती आमच्याकडे राहायला आली की तिसरी प्रेक्षक आई. तिला जपानी कळत नाही, सबटायटल वाचायचा कंटाळा येतो, पण कोण कुणावर भाळलंय हे तिला आमच्या दोन भाग आधी कळलेलं असतं.

हा मान मिळण्याआधी मी एकदा सपशेल तोंडघशी पडलोय. सिरीजचं पोस्टर बघून भुललो होतो. गुलाबी पाकळ्या, गणवेशातली दोघं, कोपऱ्यात १३+. पहिले तीन भाग अगदी गोड. चौथ्या भागात वर्गाची सहल निघाली, गरम पाण्याच्या झऱ्यावर मुक्काम पडला आणि पडदा वाफेने भरून गेला. वाफ पुरेशी नव्हती. आईला एकदम गॅस बंद केलाय का ते बघायचं आठवलं. भाचीने उशी तोंडावर घेतली. मी रिमोट शोधायला लागलो, तर तो भाच्याच्या हातात. आणि तो शांतपणे विचारतोय, "मामा, ती बोलतेय ना, मग कॅमेरा तिच्या तोंडाकडे का बघत नाहीये?"

माझी सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे. चुंबन आहे की नाही, कुणी कुणाचा हात किती वेळ धरला, हे मोजत बसू नका. कॅमेरा कुठे बघतोय ते बघा.

आधी लेबलांचं. शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ हे शब्द वाचून बरेच पालक निर्धास्त तरी होतात नाहीतर दचकतात तरी. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ज्या मासिकात किंवा साप्ताहिकात आली, त्याचा वाचक कोण एवढंच ते शब्द सांगतात. अनुक्रमे मुलगे, मुली, तरुण पुरुष, बायका. पाकीट कुणाच्या नावाने आलंय ते कळतं, आत काय आहे ते नाही. 'डोमेस्टिक गर्लफ्रेंड' ही मांगा 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये येत होती, म्हणजे कागदोपत्री मुलांची. तिच्या २०१९ च्या ॲनिमेत पहिल्याच भागात नायक एका जेमतेम ओळखीच्या मुलीबरोबर झोपतो. मग तीच त्याची सावत्र बहीण होऊन घरी येते, आणि ज्या शिक्षिकेवर त्याचा जीव जडलाय ती निघते तिचीच थोरली बहीण. आता लावा हे आईसमोर. उलट 'स्किप अँड लोफर' ज्या 'मंथली आफ्टरनून'मध्ये येते ते सेइनेन मासिक, पण तिच्या २०२३ च्या ॲनिमेची नायिका मित्सुमी ही गावाकडून तोक्योच्या शाळेत आलेली सरळ, हुशार पोरगी. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर भाषण ठोकते आणि मग शिक्षकांच्या अंगावर ओकते. ती ओकारी सोडली तर बारा भागांत लपवावं असं मला काही सापडलं नाही.

वयाच्या आकड्याचंही तसंच. जपानमध्ये चित्रपटांना एइरिन ही संस्था जी, पीजी१२, आर१५+ आणि आर१८+ असे शिक्के देते. टीव्हीवरच्या मालिकांना ते शिक्के नसतात. तुमच्या पडद्यावरचा १३+ ज्या ॲपवर तुम्ही बघताय त्या ॲपचा असतो, आणि एकच सिरीज दोन ॲपवर दोन वयांची असू शकते. शिवाय यातल्या बऱ्याच रोमँटिक सिरीज तिकडे मध्यरात्रीनंतर लागतात. जपानी वेळापत्रकात रात्रीचा दीड चक्क २५:३० असा लिहितात. मला ते फार आवडतं, दिवस संपलाय हे मान्यच करायचं नाही! मध्यरात्री लागली म्हणून सिरीज वाईट ठरत नाही, पण समोर लहान मूल बसलेलं असेल असं धरून ती बनवलेली नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

मग तपासायचं कसं? एका सीझनमध्ये साधारण बारा-तेरा भाग, एक भाग चोवीस मिनिटांच्या आसपास. सगळं आधी बघायचं तर पाच तास गेले. मी तासाभरात उरकतो.

सुरुवात ओपनिंगपासून. जेमतेम दीड मिनिटाचं गाणं, पण दर भागाला लागणार, म्हणजे घरातलं लहान मूल ते पाठ करणार. करणाऱ्यांना आपली सिरीज कशी विकायची आहे तेही तिथेच उघडं पडतं. गाण्यात मुली पळताना, उड्या मारताना दिसल्या आणि दर वेळी चित्र मानेखाली थांबलं, तर पुढे बघायची गरज नाही.

दुसरं काम, कुठलाही एक साधा भाग आवाज बंद करून बघायचा. ही युक्ती मला त्या झऱ्याच्या प्रकरणानंतर सुचली. आवाज असला की गोड संगीत आणि लाजऱ्या संवादांच्या नादात डोळ्यांना जे दिसतं ते मनापर्यंत पोचतच नाही. एक नेहमीचा प्रसंग घ्या. शाळा सुटलीये, चपला-बुटांच्या कप्प्यांपाशी दोघं उभी आहेत, तिला काहीतरी सांगायचंय. चांगल्या सिरीजमध्ये चित्र कुठे कुठे फिरतं? दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करणारी बोटं. अर्धवट घातलेला बूट. बाहेर सरकणारी सावली. त्याचा कान, जो लाल झालाय. तुम्हाला एक शब्द ऐकू आलेला नसतो तरी तिला काय सांगायचंय ते कळतं. दुसऱ्या प्रकारच्या सिरीजमध्ये हाच प्रसंग जमिनीलगत कॅमेरा ठेवून काढतात. ती तेच बोलत असते, तितकीच लाजत असते, आणि आपण मात्र तिच्या स्कर्टच्या कडेला डोळे लावून बसलेलो असतो. यालाच फॅन सर्व्हिस म्हणतात. कपडे पूर्ण अंगावर असतात, म्हणून कुठल्याही यादीत ते नग्नता म्हणून येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र ते खटकतं.

याच्या उलटही करा. दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. पाय मुरगळला म्हणून कुणी ज्या प्रकारे कण्हतंय ते शेजारच्या खोलीत ऐकू गेलं तर चालेल का? हसू नका, या कारणावरून मी दोन सिरीज बाद केल्यात.

तिसरं, भागांच्या यादीत समुद्रकिनारा, पोहण्याचा तलाव, गरम झरा किंवा आजारी मैत्रिणीला भेटायला तिच्या खोलीवर जाणं यातलं काही दिसतंय का ते शोधायचं. चित्रांवरून आणि शीर्षकांवरून लगेच सापडतं. सिरीजची खरी परीक्षा तिथेच. पहिला भाग सगळेच जपून करतात. आणि किनाऱ्याचा भाग असला म्हणजे संपलं असंही नाही. काही ठिकाणी पोरं खरंच फक्त कलिंगड फोडतात आणि घरी जातात.

आता कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल पालक कमी विचारतात. कुणी "नको" म्हटल्यावर पुढे काय होतं?

काबेदोन नावाचा प्रकार आहे. काबे म्हणजे भिंत, दोन म्हणजे धप्प असा आवाज. मुलगा मुलीला भिंतीशी गाठतो, तिच्या डोक्याशेजारी हात आपटतो आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलतो. पडद्यावर पाकळ्या उडतात. माझ्या भाचीला हे भारी वाटायचं. मी तिला एवढंच म्हटलं, "हाच मुलगा दिसायला सामान्य असता आणि मागे संगीत नसतं, तर तू काय केलं असतंस?" ती म्हणाली, "किंचाळले असते." मग तिनेच तो भाग पुन्हा आवाज बंद करून लावला, आणि या वेळी मुलीचा चेहरा बघत बसली. मुलगी घाबरलेली होती. चित्रकाराने ते नीट काढलंही होतं, फक्त संगीताने झाकलं होतं.

अशा जागा शोधायच्या. मनगट धरून ओढत नेणं, चोरून बघितलं म्हणून नुसता विनोद, अडखळून बरोबर छातीवरच पडणं. आणि दुसरी बाजूही. मुलगी मुलाला दर भागात थोबाडीत मारते आणि सगळे हसतात, तेही मी "नको"च्याच खात्यात धरतो. भाचा घरी येऊन तेच बहिणीबरोबर करून बघतो, अनुभव आहे. शिक्षक आणि विद्यार्थी, किंवा "दिसते दहा वर्षांची पण आहे पाचशे वर्षांची" असली मखलाशी असेल तर मी वाद घालत नाही, सिरीज बंद.

चांगलं उदाहरण हवं तर २०२४ चं 'अ साइन ऑफ अफेक्शन' बघा. युकीला जन्मापासून ऐकू येत नाही, इत्सुओमी तिची खुणांची भाषा शिकायला लागतो. दोघं कॉलेजात आहेत, जवळीक आहे, चुंबनही आहे. तरी मी ते भाचीला दाखवलं, कारण युकीच्या मनात काय चाललंय याकडे सिरीजचं सतत लक्ष असतं. सुरुवातीला तो परवानगी न घेता तिच्या डोक्यावर हात ठेवतो ते भाचीला आवडलं नाही. "विचारायला काय झालं होतं?" मला मनातून बरं वाटलं.

लहानांच्या बाबतीत खरं तर प्रेमापेक्षा दुःखाची तपासणी जास्त करावी लागते, आणि इथे मी आणखी एकदा चुकलो. 'फ्रूट्स बास्केट'ची २०१९ मध्ये सुरू झालेली आवृत्ती मी बिनधास्त लावली. विरुद्ध लिंगाच्या माणसाने मिठी मारली की सोमा घराण्यातले शापित लोक चिनी राशीचक्रातले प्राणी होतात, पुन्हा माणूस होताना अंगावर कपडे नसतात, आणि तेवढ्यापुरता धूर येतो. इथे धूर पुरेसा आहे, भाचा खदखदून हसला. पण मग मोमिजीची गोष्ट आली. सशात बदलणारं आपलं मूल आईला सोसवत नाही आणि ती त्याची आठवणच पुसून घेते. त्याला ती समोर दिसते, तिला तो कुणीतरी परका मुलगा वाटतो. त्या रात्री भाच्याने ताईला फोन लावायला लावला आणि विचारलं, "आई, मी कोण आहे सांग." मिठ्या आणि चुंबनं त्याच्या लक्षातही नव्हती. 'युअर लाय इन एप्रिल' अशाच कारणाने मी त्याच्यासाठी मागे ठेवलंय. पियानो शिकवताना आजारी आई मुलाला मारते, ते वाढदिवसाच्या केकसारख्या रंगीत पोस्टरवरून कुणाला कळणार?

म्हणून पुढचे भाग बघणं जमत नसेल तर निदान आयएमडीबीवरचा पालकांसाठीचा विभाग वाचा. तिथे नग्नता, हिंसा, शिव्या, दारू-सिगरेट आणि भीतिदायक प्रसंग वेगवेगळे लिहिलेले असतात. शेवटचा रकाना आधी वाचा. तिथे गोष्टीचा शेवट फुटतो, पण तपासणाऱ्याने तेवढा त्याग करायचा.

कुणी मला विचारतं, त्यात दोन मुली किंवा दोन मुलगे प्रेमात असले तर? माप तेच. कॅमेरा कुठे आहे, "नको"चं काय होतं. 'स्किप अँड लोफर'मध्ये मित्सुमी ज्या नाओकडे राहते ती ट्रान्स स्त्री आहे. मी आईला कसं समजवावं याची जुळवाजुळव करत होतो. आई म्हणाली, "म्हणजे आधी बाप्या होती होय? बरं. पोरीला वेळेवर जेवायला घालते, चांगली आहे."

काही किरकोळ गोष्टी, पण विसरू नका. जी आवृत्ती लावणार तीच तपासा. टीव्हीवर वाफ किंवा उजेडाचा पट्टा टाकून झाकलेलं चित्र ब्लू-रे आवृत्तीत कधी कधी मोकळं असतं. डबिंगमध्ये साधं वाक्य शिवी होऊन येतं किंवा शिवीचं साधं वाक्य होतं. आणि ऑटोप्ले बंद करा. आमची गोड सिरीज संपून डोळे पुसायच्या आत ॲपने पुढचं काय लावलं होतं ते मी लिहीत नाही.

निकाल देताना मी "चालेल-नाही चालेल" म्हणत नाही, कुणी बघावं त्यांची नावं लिहितो. 'होरिमिया'समोर फक्त ताईचं नाव आहे. मध्यावर दोघांच्या नात्यात एक पायरी ओलांडली जाते. दाखवत काही नाहीत, पण कळतं. भाची पंधरा-सोळाची झाली की ताईने ठरवावं, आणि बघायचं तर दोघींनी मिळून. 'कोमी कान्ट कम्युनिकेट'समोर मी भाचीचं नाव लिहिलंय आणि भाच्यासमोर प्रश्नचिन्ह, कारण कोमीच्या मागे लागणारी एक वर्गमैत्रीण विनोदाच्या नावाखाली फार पुढे जाते. सगळ्यांची नावं आहेत अशा सिरीज थोड्या, आणि त्यातल्या काही भाच्याला कंटाळवाण्या वाटतात. बरोबरच आहे. आडनावाऐवजी नावाने हाक मारायला यांना सहा भाग लागतात. एकाच बाटलीतलं उष्टं पाणी प्यायले तर त्याला अप्रत्यक्ष चुंबन म्हणून अख्खा भाग लाल होत बसतात. आईला मात्र हेच हवं असतं. "अरे बोल की लेका एकदाचं!" असं ती टीव्हीला म्हणते.

आणि एवढं करूनही काही निसटलं, तर रिमोटवर झडप घालू नका. झडप घातली की तेवढाच प्रसंग लक्षात राहतो. मी पॉज करतो आणि मला काय खटकलं ते एका वाक्यात सांगतो. मग पोरांना विचारतो, पुढे जायचं का. दोनदा ती "नको" म्हणाली आहेत, एकदा आई म्हणाली आहे.

काल भाचीने वहीच्या पानावर नवीन यादी पाठवली. सात नावं. तीन तिनेच खोडलेली, बाजूला लिहिलंय, "ओपनिंग बघितलं." उरलेल्या चारांपैकी एकीत पाचवा भाग समुद्रकिनाऱ्याचा दिसतोय. तो आज रात्री, पोरं झोपल्यावर. तिकडच्या वेळापत्रकात लिहायचं तर २५:०० वाजता.