अमेरिकेतलं जुनं घराणं कागदोपत्री कसं शोधावं?

मुलाचं लग्न अमेरिकन घरात झालं, की कधीतरी नातवंडाच्या शाळेतून वंशवृक्षाचा गृहपाठ घरी येतो. बापाकडची बाजू कुलवृत्तांत हाताशी असला तर तासाभरात भरून होते. आईकडची बाजू मात्र तिच्या माहेरच्यांनाही पणजोबांच्या पलीकडे धड ठाऊक नसते. ती शोधता येते. बरंचसं काम घरबसल्या होतं आणि त्यातलं पुष्कळ फुकटात.

सुरुवात आजच्या पिढीपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. आडनाव जुळतंय म्हणून एखादा सतराव्या शतकातला नामांकित माणूस धरून तिथून खाली उतरू नका. स्मिथ आणि ब्राउन तिकडे आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतके आहेत.

आधी घरातले कागद बघा: जन्ममृत्यूचे दाखले, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांची कात्रणं, आणि असलंच तर घरातलं जुनं बायबल. जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. त्या नोंदी वाचण्याआधी ते बायबल कोणत्या साली छापलं ते पाहा. छपाई १८४० सालची आणि पहिली नोंद १८०५ची असेल, तर ती नंतर कुणीतरी आठवून किंवा दुसरीकडून उतरवून लिहिली आहे.

मग जनगणना. १७९० पासून दर दहा वर्षांनी ती होते आणि तपशील ७२ वर्षांनी खुले होतात, म्हणून सध्या १९५० पर्यंतची पानं पाहता येतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा आणि १९५०, १९४०, १९३० असं मागे जा. १९००च्या नोंदीत जन्माचा महिना आणि साल मिळतं. १८९०ची बहुतेक पानं वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीनंतर हातची गेली, तेव्हा तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. त्याआधी एका घरात राहणारी मुलं त्याच बाईची असतील असं गृहीत धरू नका.

खरी कसोटी १८५०च्या अलीकडे नव्हे, पलीकडे लागते. १८५०च्या नोंदीत प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. १८४०च्या पानावर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पुढे वयोगटांचे रकाने: पाचाखालचे मुलगे दोन, दहा ते पंधरा वयाची मुलगी एक, असे नुसते आकडे. पण ते बोलके असतात. समजा १८५० मध्ये बायकोचं वय ३२ आहे आणि १८४०च्या पानावर त्या घरातली एकमेव मोठी बाई चाळीस ते पन्नासच्या रकान्यात आहे. म्हणजे ही ती नव्हे. थोरली मुलं पहिल्या बायकोची असू शकतात आणि तिचं नाव आता दुसरीकडे शोधायला हवं.

कृष्णवर्णीय कुटुंबांची वाट इथे आणखी खडतर होते. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, खाली गुलामांचं वय आणि लिंग. नावं जवळजवळ नाहीतच. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं जनगणनेत पहिल्यांदा १८७०ला येतात. त्यामागे जायला फ्रीडमेन्स ब्युरोचे (सुटलेल्या गुलामांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याचे) कागद, आणि मालकाच्या मृत्युपत्राबरोबरच्या मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. वाचवत नाहीत, पण नावं तिथेच सापडतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या गावांनी सतराव्या शतकापासून जन्म-लग्नं नोंदवली. दक्षिणेत बऱ्याच राज्यांत सरकारी जन्मनोंद विसाव्या शतकात सुरू झाली. तिथे जमीन आणि वारसाहक्काचं दप्तर कामी येतं. मृत्युपत्रात लेकीचं नाव सासरच्या आडनावासकट येतं. बापाची जमीन विकताना सगळे वारस एकाच खतावर सह्या करतात. फॅमिलीसर्चवर आता हस्तलिखित खतांच्या मजकुरातही शब्द शोधता येतात. मात्र त्या साली ती जागा कुठल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), कुठल्या राज्यात होती ते आधी तपासा. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचा भाग होता, केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा ठेवा म्हणजे क्रांतियुद्धातल्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या, सैनिकांच्या पेन्शनच्या फायली. १८३२च्या कायद्यानंतर म्हाताऱ्या सैनिकांनी कोर्टासमोर आपली हकीकत सांगितली: जन्म कुठे, कुणाच्या हाताखाली लढलो, नंतर कुठे कुठे राहिलो. पुढे विधवांना लग्न सिद्ध करावं लागलं, तेव्हा काहींनी बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली. ती आजही राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

तारखा जपून वाचा. १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. ‘फेब्रुवारी १७३१/३२’ ही चूक नव्हे, वर्ष २५ मार्चला आणि १ जानेवारीला बदलण्याच्या दोन्ही पद्धतींची नोंद आहे. आणि एका गावातले सीनियर-ज्युनियर हे बापलेकच असतात असं नाही. काका-पुतणे किंवा नातं नसलेले शेजारीही असतात.

इतरांनी केलेलं काम जरूर वापरा. फॅमिलीसर्च आणि विकीट्री या संकेतस्थळांवर सगळ्यांचा मिळून एकच वृक्ष आहे. नावाखाली पुरावा जोडलेला नसेल, तर ती माहिती सांगोवांगीच समजा. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांना बनावट वंशावळी विकल्या. त्यातले खोटे दुवे अजून नकलांतून फिरतात. कुणाला विचारायचं तर ‘तुमच्याकडे काय आहे?’ असं मोघम नको. ‘या बाईचं माहेर तुम्ही कुठल्या खतावरून ठरवलंत?’ असं विचारा. डीएनए चाचणी तीन-चार पिढ्यांपर्यंत छान साथ देते, पुढे जुळणी पातळ होत जाते.

आपले पूर्वज इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजाने आले अशी घरात दंतकथा असेल तर ती तपासणं मात्र सोपं आहे. १६२०च्या त्या जहाजावर १०२ प्रवासी होते आणि त्यातले निम्मे पहिल्या हिवाळ्यातच वारले. ज्यांचा वंश चालला, त्यांच्या पहिल्या पाच पिढ्या वंशजांच्या संस्थेने संशोधन करून छापल्या आहेत. आपली साखळी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेली की पुढचं छापील मिळतं. सभासदत्वाच्या अर्जाला मात्र प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो. ऑनलाइन वृक्षाची प्रिंट चालत नाही.