कांदळ लावायचाय? आधी पाणी बघा

आमचं घर मालवणजवळच्या कालावल खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे बेटावर. दळणाला जायचं तरी होडी लागते. काठ दरवर्षी खचतो, आमच्या दारचे दोन माड मुळासकट पाण्यात गेले. तेव्हा बचत गटातल्या आम्ही बायकांनी कांदळ, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटी, लावायला घेतला. दुसऱ्या गावच्या बायका विचारतात, कसं केलंत? म्हणून लिहून काढते.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल आपटलो. समोरचा मऊ, मोकळा चिखल बघितला आणि तिथेच कांदळाच्या ४०० शेंगा रोवल्या. फोटो झकास आले. दिवाळीपर्यंत रोपांवर पांढऱ्या टोकेरी कवचांचे थर चढले, रोपं वाकली, शिमग्याला मोजली तर ११. शेजारचे आबा जन्मभर पाग (फेकायचं जाळं) मारत आलेत. ते होडीतूनच म्हणाले, "गो बाय, थंय पाणी सुकता खंय? झाड म्हंजे काय मासो?"

तर पहिलं काम काठ्यांचं. मनात असलेल्या जागेवर पाच-सहा काठ्या रोवा आणि पंधरा दिवस बघत बसा. अमावास्येचं उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीचा भांग (लहान भरती), दोन्ही बघायचे. बुंध्याशी पाणी कधी आलं, कधी उतरलं, ते वहीत लिहा. चोवीस तासांत मिळून सात-आठ तासांहून जास्त वेळ पाणी राहत असेल तर ती जागा सोडा. आसपास जुना कांदळ असेल तर त्याच्या बुंध्याची पातळी धरा, हा सगळ्यात सोपा हिशोब. आणि काठ उभा कापला जात असेल तर तिथे लावू नका, वळणाआड जिथे गाळ बसतो तिथे लावा. कधी कधी लावायची गरजच नसते. आमच्याकडे जुन्या बांधाने पाणी अडलं होतं. पंचायतीला विचारून तिथे वाट मोकळी केली, तर तिवर, ही खारफुटीचीच दुसरी जात, आपोआप उगवली.

जागा ठरवताना चिखलातले मुळे (शिंपले) काढणाऱ्या बायकांना बोलवा. आम्ही बोलवलं नव्हतं, भांडण झालं, आणि बरोबर त्यांचंच होतं. त्यांची मुळ्यांची जागा आता आम्ही रिकामी ठेवतो. वनखात्यालाही आधीच विचारून घ्या. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली, २०१२ पासून खात्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे. लावायला कोण अडवणार, असं समजू नका, जमीन कुणाची हे कागदावर बघा.

शेंगा पावसाळ्यात पिकतात. झाडावरची हिरवी शेंग ओढू नका. फळ आणि शेंग यांच्यामध्ये पिवळट कडं दिसलं, हलक्या हाताने फिरवल्यावर शेंग सुटली, म्हणजे ती पिकली. वरची फळाची टोपी जोर लावून काढलीत तर आतला कोंब मोडतो आणि शेंग वाया जाते. पाण्यात तरंगणाऱ्या शेंगाही चालतात, फक्त भोकं पडलेली बाजूला टाका. सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या आणि लवकरात लवकर लावायच्या.

लावायचं भांगाच्या सुकतीला (ओहोटीला), म्हणजे उधाण येईपर्यंत रोपाला चार दिवस दम मिळतो. टोकदार बाजू खाली, कोंबाची बाजू वर. शाळेची पोरं मदतीला आली तेव्हा निम्म्या शेंगा उलट्या रोवल्या गेल्या. आता आधी प्रत्येकाच्या हातात शेंग देऊन विचारते, "डोकं खंय?" वीतभर आत, बाकीची बाहेर, दोन रोपांत एक मीटर. चिखल दाबू नका, भरती आली की तो आपोआप बसतो. चप्पल चिखलात अडकते आणि अनवाणी गेलात तर कालवांनी पाय कापतो. जुने जाड मोजे घाला.

तिवरीचं बी खाडीच्या पाण्यात रात्रभर भिजवलं की साल सुटते, मग पिशवीत लावायचं. पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. तिचं फळ बादलीत कुजवून बारीक बी काढावं लागतं. आम्ही त्या भानगडीत अजून फारसे पडलेलो नाही.

लावणं एका सकाळचं काम. राखणं दोन वर्षांचं, आणि तिथेच सगळे गळतात. दर उधाणानंतर एक फेरी हवीच, कारण पाण्याबरोबर तुटकी जाळी, प्लॅस्टिक, शेवाळ येतं आणि रोपांना गुंडाळतं. जाळं ओढलंत तर रोप त्याच्याबरोबर निघतं, म्हणून कात्री घेऊन जा आणि दोरा दोरा कापा. म्हशींसाठी काठावर बांबूचा आडवा अडसर बांधा, त्यांना तिवरीचा पाला फार आवडतो. मेलेल्या रोपाजागी पुढच्या पावसात नवीन शेंग लावा, पण त्याच ठिकाणी दुसऱ्यांदाही मेली तर तिथे तिसरी नको, काठी परत रोवून पाणी बघा.