नागपूरहून बटू दीर्घिका शोधताय? या चुका टाळा

आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या बटू, म्हणजे लहान, दीर्घिका म्हटलं की आधी मॅगेलनचे मेघ आठवतात. नागपूरकरांनी त्यांचा नाद सोडावा. आपण २१ अंश उत्तर अक्षांशावर, तर मोठा मेघ खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ ७० अंश दक्षिणेला. त्याचा मध्य इथे क्षितिजावर येतच नाही. धाकटा मेघ आणखी खाली.

सुरुवात करावी ती धनू राशीतल्या मेसिए ५४ पासून. हा गोलाकार तारकागुच्छ शार्ल मेसिएने १७७८ मध्ये नोंदवला. १९९४ मध्ये इबाटा, गिलमोर आणि अर्विन यांनी धनू बटू दीर्घिका शोधली, तेव्हा कळलं की तो तिच्या गाभ्यातच आहे. म्हणजे लहानशा दुर्बिणीतून आपल्याला दुसऱ्या दीर्घिकेचा गाभा दिसतो! फसगत होते ती पुढे. त्याच राशीतल्या मेसिए २२ या दुसऱ्या तारकागुच्छाचे तारे सुटे दिसतात, ५४ मात्र धुकट गोळाच राहतो. मग माणूस फोकस फिरवत बसतो, आरसे जुळवायला घेतो. दुर्बिणीत काही बिघडलेलं नसतं. २२ आहे सुमारे १० हजार प्रकाशवर्षांवर, ५४ सुमारे ८७ हजारांवर. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की अंधार पडताच नैर्ऋत्येला बघा.

जागेची निवडही चुकते. पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, आणि तिथला अंधार खरंच मोलाचा आहे. पण पेंच शहराच्या उत्तरेला. तिथून दक्षिणेकडे खाली पाहिलं की नागपूरचाच उजेड आडवा येतो. धनूसाठी उमरेडच्या पुढे जाणं बरं, शहर पाठीशी राहतं.

पेंचला जा ते सिंह राशीतल्या लिओ १ या बटू दीर्घिकेसाठी. मार्च-एप्रिलच्या रात्री ही दीर्घिका जवळजवळ डोक्यावर येते. अंतर सुमारे ८ लाख प्रकाशवर्षं. अडचण मघा ताऱ्याची: दोघांमधलं अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी, त्यामुळे त्याच्या झगमगाटात ती हरवते. मोठं वर्धन लावून मघा दृष्टिक्षेत्राबाहेर ढकला. आठ इंची दुर्बीण तरी हवीच.

नुसती प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, वाचून हुरळू नका. फोरनॅक्स बटू दीर्घिकेचा प्रकाश इतका पसरलेला आहे की आकड्यावरून सोपी वाटणारी ही दीर्घिका डोळ्याला लागत नाही. त्यापेक्षा तिच्यातला एनजीसी १०४९ हा तारकागुच्छ शोधा. फोटो काढत असाल तर पार्श्वभूमी सपाट करणारं टूल जपून वापरा. ते शहराच्या उजेडासोबत दीर्घिकाही पुसून टाकतं, म्हणून तिच्या जागेवर नमुनाबिंदू (टूल पार्श्वभूमी जिथून मोजतं ते ठिपके) ठेवू नका.