ट्यूब अ‍ॅम्पचं बायस सेट करताना या चुका टाळा

गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूब बदलायची वेळ आली की हमखास प्रश्न येतो, बायस कितीवर ठेवू? (बायस म्हणजे ट्यूबच्या ग्रिडला दिलेलं निगेटिव्ह व्होल्टेज, गिटार वाजत नसताना ट्यूबमधून किती करंट वाहील ते यावर ठरतं.) आणि लगेच कोणीतरी सांगून मोकळं होतं, ३५ मिलिअँपवर ठेव, बिनधास्त. ट्यूब कुठली, प्लेटवर (ट्यूबमधला करंट जिथे पोचतो तो आतला धातूचा पत्रा) व्होल्टेज किती, हे ना विचारणारा सांगत ना सांगणारा विचारत, आणि सगळी गडबड इथेच होते. हाच ३५ चा आकडा घ्या. फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब असतात आणि प्लेटवर साधारण ४१५ व्होल्ट, म्हणजे ३५ मिलिअँपला एकेक ट्यूब साडेचौदा वॉट जाळणार, आणि ६व्ही६जीटीची कमाल मर्यादाच १४ वॉट आहे, म्हणजे तुम्ही एकही नोट वाजवायच्या आधी ट्यूब मर्यादेच्या बाहेर. तेच ३५ मिलिअँप ४३० व्होल्टवरच्या ६एल६जीसीला मात्र अगदी निवांत, ३० वॉटपैकी जेमतेम १५.

म्हणून आधी प्लेट व्होल्टेज मोजायचं आणि मग हिशोब करायचा. क्लास एबी (दोन बाजूंच्या ट्यूब आळीपाळीने काम करतात) फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज दिलेल्या) अ‍ॅम्पमध्ये गिटार वाजत नसताना ट्यूबच्या कमाल वॉटच्या ६० ते ७० टक्के धरतात. ईएल३४ २५ वॉटची, ७० टक्के म्हणजे साडेसतरा, भागिले प्लेटवरचे समजा ४६० व्होल्ट, आले ३८ मिलिअँप. ही वरची हद्द आहे, तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं काही नाही. माझं मत विचाराल तर ६० च्या आसपास सुरुवात करा, कानाला खरखरीत कोरडं वाटलं, बारीक वाजवताना नोट फाटल्यासारखी आली तर थोडं वर न्या. उगाच गरम, म्हणजे जास्त करंटवर, ठेवून टोन सुधारतोच असं नाही, ट्यूब मात्र नक्की लवकर जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी आहे आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो, त्याचा झटका जीव घेऊ शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणं ही चुकीची सवय आहे, कपॅसिटरचंही नुकसान आणि हाताचंही. १० के (१०,००० ओहम) ५ वॉटचा रेझिस्टर, दोन्ही बाजूंना इन्सुलेटेड क्लिप, एक टोक चेसिसला, दुसरं कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, थोडा वेळ थांबा आणि मग मीटर लावून खात्री करा की १० व्होल्टच्या खाली आलंय. चालू अ‍ॅम्पवर मोजताना काळा प्रोब क्रोकोडाइल क्लिपने चेसिसला लावून ठेवा, एकाच हाताने मोजा, दुसरा हात खिशात. अंगठी, कडं, घड्याळ आधीच काढा. मेनवर चालणारी वस्तू आजवर कधीच उघडली नसेल तर हे काम जाणकार टेक्निशियनकडेच द्या, खरंच सांगतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प दोन पिनच्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवतात, त्यात अर्थिंगच तुटतं, म्हणजे आत काही लीक झालं तर चेसिसवर आणि तिथून गिटारच्या तारांवर करंट. तीन पिनचाच स्टेप-डाऊन घ्या आणि अर्थ खरोखर पुढे जातोय का ते मीटरने तपासा. मेन व्होल्टेजही दिवसभर सारखं नसतं, रात्री लोड कमी झाला की वर चढतं आणि त्यासोबत प्लेट, हीटर, बायस सगळंच हलतं. हीटर (ट्यूब तापवणारी आतली तार) मोजा, ट्यूबच्या सॉकेटच्या पिन २ आणि ७ च्या मध्ये, मीटर एसीवर, ६.३ व्होल्टच्या दहा टक्के इकडेतिकडे चालतं. ७ दाखवत असेल तर अ‍ॅम्प बहुतेक ट्रान्सफॉर्मरच्या २२० व्होल्टच्या टॅपवर (जोडणीवर) आहे आणि भिंतीतून २४५ येतायत, मग बायस पॉट (बायस कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) फिरवण्याआधी ते नीट करा.

मीटरच्या चुका तर नेहमीच्याच. आधी कधीतरी करंट मोजला, लाल लीड १० अँपच्या सॉकेटमध्येच राहिली, आणि आता तीच पिन ३ ला लावली की सरळ शॉर्ट. प्लेट आणि बायस डीसीवर, हीटर एसीवर. मीटर आणि प्रोब दोन्ही १००० व्होल्ट कॅट थ्रीचे (मीटरच्या सुरक्षिततेचा दर्जा) असावेत, रस्त्यावरचं स्वस्त मीटर या कामाला नको. पिन मोजताना ट्यूबचं सॉकेट खालून बघायचं, खाचेपासून घड्याळाच्या दिशेने १ ते ८, वरून मोजलं की सगळं उलटं होतं. ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड, ८ कॅथोड, हे सगळे ट्यूबच्या आतले भाग.

करंट मोजायला कॅथोड आणि ग्राउंडच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकतात, १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेताना १ टक्क्याचा मागा. यात स्क्रीनचा करंटही धरला जातो, म्हणजे प्लेटचा खरा करंट थोडा कमीच असतो, चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. पण रेझिस्टर एका ट्यूबचा आहे की दोघींचा मिळून हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फेंडर हॉट रॉड डिलक्सवर टीपी३० या टेस्ट पॉइंटला ६० मिलिव्होल्ट येतात ते दोन्ही ट्यूबचे मिळून, एकीला ३० च. हे न कळल्यामुळे कोणी घाबरून बायस आणखी थंड करतं आणि मग अ‍ॅम्पला जीवच नाही म्हणून तक्रार करतं.

पॉवर देण्याआधी स्पीकर जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. व्हॉल्यूम शून्य, आणि ट्रेमोलोही शून्य, कारण प्रिन्स्टन रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्पमध्ये ट्रेमोलो बायसच हलवतो. नवीन ट्यूब असेल तर पॉट सगळ्यात थंड बाजूला ठेवून सुरू करा, म्हणजे पिन ५ वर जास्तीत जास्त निगेटिव्ह. उणे ४५ वरून उणे ४० ला आलात की करंट वाढतो, इथे भले भले गोंधळतात. पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, करंट सेट करा, परत प्लेट मोजा, कारण करंट वाढला की व्होल्टेज खाली येतं आणि हिशोब बदलतो.

आणि पॉट प्रत्येक अ‍ॅम्पला नसतो. व्हॉक्स एसी३० कॅथोड बायस आहे (कॅथोडवरचा रेझिस्टरच बायस ठरवतो), प्रिन्स्टन रिव्हर्बमध्ये ठरावीक रेझिस्टरच, फेंडरच्या काही सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनलच्या जुन्या) मॉडेलमध्ये जो पॉट आहे तो दोन ट्यूबमधला फरक जुळवतो, एकूण पातळी नाही बदलत, तिथे कितीही फिरवा हवा तो आकडा येणार नाही.

प्लेट लाल दिसली तर लगेच बंद, आधी मोजून बघू वगैरे नको. चार्ज उतरवून पॉवर ट्यूब काढा, मग स्पीकर तसाच जोडलेला ठेवून अ‍ॅम्प चालू करा आणि दोन्ही सॉकेटच्या पिन ५ ला मोजा. दोन्हीकडे सारखं निगेटिव्ह यायला हवं. एकीकडे कमी असेल तर त्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे जाऊ देणारा) डीसी लीक करतोय, दोन्हीकडे कमी असेल तर बायसचा जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, डायोड नाहीतर पॉट. बायस बरोबर येऊनही एकच ट्यूब लाल होत असेल तर सॉकेटची पिन ढिली आहे का बघा, नाहीतर ट्यूबच खराब.

सगळं जुळलं की चेसिसच्या आत स्टिकर चिकटवा, तारीख, मेन किती होतं, प्लेट किती, मिलिअँप किती, पिन ५ ला किती. पुढच्या वेळी अ‍ॅम्प उघडाल तेव्हा काय बदललंय ते लगेच कळेल.